शिवार कायमचं राखायचं तर: मॅसॅच्युसेट्सच्या छोट्या टाउनमधल्या नवख्यांसाठी

सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. जमीन घेणारा जाणता असेल तर क्षेत्र आणि मालकाचं नाव पाहून झालं की तो आधी तिकडे वळतो: बँकेचा बोजा, कुळाची नोंद, शेजाऱ्याची वाट, विहिरीच्या पाण्यातला वाटा. मालक बदलला तरी या नोंदी जमिनीबरोबरच जातात. अमेरिकेत सातबारा नाही, पण कॉन्झर्व्हेशन ईझमेंट म्हणजे काय हे मराठी माणसाला समजवायचं तर हा रकाना पुरतो. ईझमेंट ही त्यातली कधीही न पुसली जाणारी नोंद समजा. मालक जमीन कसतो, विकतो, मुलांच्या नावे करतो, तिचा प्रॉपर्टी टॅक्स भरतो. फक्त तिचे प्लॉट पाडून घरं बांधायचा हक्क त्याने सोडलेला असतो. तो हक्क टाउनकडे किंवा एखाद्या लँड ट्रस्टकडे (जमिनी राखणाऱ्या ना-नफा संस्थेकडे) जातो, आणि त्यांनाही तो वापरता येत नाही. त्यांच्या वाट्याला फक्त राखण येते.

आपल्याकडे १८८२ च्या ईझमेंट कायद्यातला वहिवाटीचा हक्क हा एका जमिनीचा दुसऱ्या जमिनीवरचा हक्क असतो. माझ्या शेतात जायला तुझ्या बांधावरून वाट. जुन्या इंग्रजी कायद्याच्या परंपरेत शेजारी स्वतःची जमीनच नसेल, तर दुसऱ्याच्या शेतात ‘बांधू नकोस’ म्हणण्याचा कायमचा हक्क कोर्टात टिकेल की नाही, याची शंका असे. म्हणून मॅसॅच्युसेट्सने १९६९ मध्ये वेगळा कायदा करून असे हक्क टिकाऊ केले. इतर राज्यांसाठी नमुना कायदा १९८१ मध्ये आला. मॅसॅच्युसेट्समध्ये या दस्ताचं कायद्यातलं नाव ‘कॉन्झर्व्हेशन रिस्ट्रिक्शन’ असं आहे. बैठकांमध्ये सगळे त्याला ‘सीआर’ म्हणतात, म्हणून पुढे तोच शब्द.

स्टो, बोल्टन, हार्वर्ड (विद्यापीठाचं नव्हे, सफरचंदांच्या बागांचं), कार्लाइल, वेस्टफर्ड अशा टाउनमध्ये राहायला गेलेला, टाउन मीटिंगला पहिल्यांदा जाणारा किंवा कुणीतरी आग्रह केला म्हणून कॉन्झर्व्हेशन कमिशनवर बसलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. राज्य बदललं की तपशील बदलतात. न्यू जर्सीतल्या वाचकांनी इथले आकडे तिथे लावू नयेत.

कोणाच्या हातात काय

लहान टाउनमध्ये टाउन मीटिंग हीच विधानसभा. आपल्या ग्रामसभेसारखी, फक्त इथे एकेका कलमावर (म्हणजे ठरावावर) खरोखर मतदान होतं आणि टाउनचा पैसा त्याशिवाय हलत नाही. मत नोंदणीकृत मतदारांनाच. ग्रीन कार्डवाल्यांना मत नाही, पण समित्यांच्या बैठका सर्वांसाठी खुल्या असतात आणि त्यांची सूचना, शनिवार-रविवार व सुट्ट्या वगळून, किमान ४८ तास आधी लागते. जमीनखरेदीच्या वाटाघाटी मात्र बंद दाराआड करायला कायद्याची परवानगी आहे. त्यामागे कारस्थान शोधू नका. टाउन किती द्यायला तयार आहे हे समोरच्याला आधीच कळलं तर भाव तिथूनच सुरू होतो.

सिलेक्ट बोर्ड, म्हणजे टाउनचा कारभार पाहणारं निवडून आलेलं मंडळ, सह्या करतं. कॉन्झर्व्हेशन कमिशन (३ ते ७ सदस्य, १९५७ च्या कायद्याने सुरू झालेलं) सीआर धारण करू शकतं. टाउनने कम्युनिटी प्रिझर्व्हेशन ॲक्ट स्वीकारला असेल तर त्या पैशाची वेगळी समिती असते. बाहेरून लँड ट्रस्ट येतात: ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स १८९१ पासून, सडबरी व्हॅली ट्रस्टीज १९५३ पासून, नॉर्थ क्वाबिन भागात माउंट ग्रेस १९८६ पासून. शिवाय पुष्कळ टाउनचे स्वतःचे छोटे ट्रस्ट आहेत, दोन-चार निवृत्त मंडळींच्या चिकाटीवर चालणारे. अंगमेहनत बहुतेक वेळा तेच करतात.

कोणती जमीन? आधी नकाशे, मग चालणं

टाउनचा ‘ओपन स्पेस अँड रिक्रिएशन प्लॅन’ मिळवून वाचा. राज्याच्या मंजुरीनंतर तो जास्तीत जास्त ७ वर्षं चालतो. मुदत संपलेली असेल तर राज्याच्या लँड नावाच्या अनुदानाला (१९६१ मध्ये ‘सेल्फ-हेल्प’ म्हणून सुरू झालेलं) टाउन अपात्र ठरतं. अर्जाच्या आठवड्यात हे लक्षात आलेली टाउन कमी नाहीत, म्हणून तारीख आजच बघा.

मासजीआयएस या राज्याच्या नकाशा विभागाचे नकाशे फुकट आहेत. त्यावर मातीचा थर, दलदलीचा थर, आधीच राखलेल्या जमिनींचा थर चढवा. जिथे दोन राखीव तुकड्यांच्या मध्ये एक मोकळा तुकडा राहिलेला दिसेल, तिथे बोट ठेवा. मग ॲसेसरच्या (करासाठी मालमत्तेचं मोल ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयातून ‘चॅप्टर’ जमिनींची यादी घ्या. चॅप्टर ६१ जंगलासाठी (किमान १० एकर), ६१ए शेतीसाठी आणि ६१बी करमणुकीच्या वा मोकळ्या जमिनीसाठी (दोन्हींना किमान ५ एकर). मालक या योजनेत असेल तर त्याला कर कमी लागतो, आणि त्याबदल्यात टाउनला एक हक्क मिळतो. तो पुढे येईलच. (एक एकर म्हणजे आपले ४० गुंठेच. तेवढा हिशेब इथेही जुळतो.)

रस्त्याला लागून असलेली बाजू आधी तपासा. मॅसॅच्युसेट्समध्ये प्लॉटची पुरेशी रुंदी अस्तित्वातल्या रस्त्याला लागून असेल, तर सबडिव्हिजनच्या पूर्ण मंजुरीविना तिथे प्लॉट पाडता येतात. त्यामुळे शेत मधून कधी जात नाही. आधी कडेने घरांची रांग उभी राहते आणि मागे ट्रॅक्टर शिरायला जागा उरत नाही. फक्त मागची दलदल राखून रस्त्याची बाजू मोकळी सोडणारा सीआर कागदावर मोठा दिसतो. दलदलीत तसंही कोणी बांधलं नसतं.

ॲसेसरचा नकाशा ही मोजणी नव्हे, हेही ध्यानात ठेवा. ती करासाठी काढलेली आकृती असते. जुन्या दगडी भिंती, ज्यांना सगळे हद्द समजतात, त्या कधी हद्दीवर असतात, कधी दोनशे वर्षांपूर्वीच्या मेंढ्यांच्या कुंपणाच्या असतात.

मालकाशी बोलताना

शेतकरी इथला असला तरी तिढा आपल्या ओळखीचा असतो: सगळी मिळकत जमिनीत अडकलेली, हातात रोकड थोडी, तीन मुलांतलं एक शेती करणारं. ‘निसर्ग वाचवा’ने सुरुवात केलीत तर चहा मिळेल, सही मिळणार नाही. हे विचारा: जमीन नेमकी कोणाच्या नावे आहे, एकट्याच्या की फॅमिली ट्रस्टच्या? भावंडांच्या सह्या लागतील का? कर्ज कोणत्या बँकेचं? रोख हवी आहे की करसवलतीने भागेल? आणि मुलीला किंवा नातवाला कधी घर बांधायचं असेल, तर कुठे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नकाशावर काढून घ्या. तो तुकडा सीआरमधून पूर्णपणे बाहेर ठेवा, मोजून, चारही कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या ठोकून. ‘पुढे बघू’ म्हणून तो आत ठेवला, तर पुढे काहीच बघता येत नाही. दस्त कायमचा असतो. आमचा अनुभवसिद्ध सल्ला: घासाघीस करून प्रत्येक गुंठा आत ओढू नका. दोन एकर सैल सोडलेला सीआर पुढच्या पिढीत भांडणाविना चालतो.

मालकाला स्वतःचा वकील आणि स्वतःचा कर सल्लागार घ्यायला सांगा, तेही लेखी. ट्रस्टचा वकील ट्रस्टचा असतो. वीस वर्षांनी वारस ‘वडिलांना फसवलं’ म्हणतात, तेव्हा हे एक पत्र कामाला येतं.

किंमत आणि पैसा: एका कल्पित शेताचा हिशेब

सीआरची किंमत म्हणजे दोन किमतींमधला फरक. जमीन आज बाजारात विकली तर किती, आणि सीआर बसल्यावर किती. ६० एकरांचं शेत घेऊ. आधीची किंमत १२ लाख डॉलर, नंतरची साडेचार लाख, तर सीआर साडेसात लाखांचा. अप्रेझर, म्हणजे जमिनीचं मूल्यांकन करणारा, हा फरक रस्त्याची लांबी, झोनिंग आणि माती सेप्टिकचं पाणी शोषते का, यांवरून काढतो. जिथे घरं बसूच शकत नाहीत तिथे फरक थोडा, म्हणून किंमतही थोडी. मालकाच्या मनातला आकडा बहुधा शेजारच्या तयार प्लॉटच्या भावावरून आलेला असतो. त्यात रस्ता, गटार, इंजिनिअर आणि मंजुरीची वर्षं हा खर्च धरलेला नसतो. हे अप्रेझरने समजावलेलं बरं.

समजा मालक ६ लाख रोख घेऊन उरलेले दीड लाख दान म्हणून सोडायला तयार झाला. टाउनने कम्युनिटी प्रिझर्व्हेशनच्या निधीतून ३ लाख घातले, राज्याच्या अनुदानातून २ लाख आले आणि लँड ट्रस्टने देणग्यांतून १ लाख उभे केले. जमीनच विकत घ्यायची तर १२ लाख लागले असते. शिवाय शेत शेतकऱ्याच्याच हातात राहिलं, आणि गवत कापायची जबाबदारी टाउनवर आली नाही.

यात नवखे तीन ठिकाणी अडखळतात. पहिली गोष्ट, राज्याचं लँड अनुदान नंतर परत मिळतं. टाउन मीटिंगने आधी ३ नव्हे, ५ लाख मंजूर करावे लागतात, आणि ‘तुम्ही तर ३ म्हणाला होतात’ असा प्रश्न मागच्या बाकावरून येतोच. कलमाच्या पत्रकातच हे दोन ओळींत लिहा. दुसरी, त्या अनुदानाबरोबर लोकांना जाऊ देण्याची अट येते. पेरलेल्या शेतातून कुत्री घेऊन फिरणारे लोक कोणत्या शेतकऱ्याला चालतील? पायवाट कडेच्या रानातून, नकाशावर आखून द्या आणि बाकी शेत बंद ठेवा, म्हणजे तो ऐकतो. तिसरी गोष्ट कर्जाची. कर्ज काढायचं तर टाउन मीटिंगमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. परतफेडीसाठी १९८० च्या ‘प्रपोझिशन अडीच’ची करमर्यादा ओलांडायची असेल तर वर मतपेटीवर वेगळं मतदान.

कम्युनिटी प्रिझर्व्हेशन ॲक्ट २००० चा आहे. टाउनचे मतदार प्रॉपर्टी टॅक्सवर ३ टक्क्यांपर्यंत अधिभार स्वीकारतात आणि राज्य आपल्या निधीतून त्यात भर घालतं. दरवर्षीच्या रकमेतले किमान १० टक्के मोकळ्या जमिनीसाठी, १० टक्के ऐतिहासिक वास्तूंसाठी आणि १० टक्के परवडणाऱ्या घरांसाठी खर्च करायचे किंवा राखून ठेवायचे. या पैशातून टाउनने जमीनच विकत घेतली, तर तिच्यावरही कायमचं बंधन नोंदवावं लागतं, आणि ते टाउनला स्वतःच धारण करता येत नाही. आपण आपलेच राखणदार कसे होणार? लँड ट्रस्टला द्यावं लागतं. खरेदीच्या जल्लोषात हे दुसरं पाऊल अनेकदा राहून जातं.

शेतीचीच जमीन असेल तर राज्याची १९७९ पासूनची एपीआर (ॲग्रिकल्चरल प्रिझर्व्हेशन रिस्ट्रिक्शन) योजना वेगळी आहे. बाजारभाव आणि शेती म्हणून येणारा भाव यांतल्या फरकावर राज्य पैसे देतं, आणि पुढे जमीन विकायला निघाली तर ती शेतीच्या भावाने विकत घेण्याचा पर्याय त्या दस्ताने राज्याकडे राहतो. एखादा धनिक शेताला अंगण बनवायला निघाला तर हा पर्याय त्याच्या आड येतो. साध्या सीआरमध्ये तो आपोआप नसतो.

घरांबद्दल एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगायला हवी. ‘शिवार वाचवा’ हे ‘नवीन शेजारी नकोत’ याचंच सभ्य रूप आहे, असा आरोप प्रत्येक टाउन मीटिंगमध्ये होतो, आणि काही वेळा तो खरा असतो. रस्त्याकडेचे तीन-चार एकर घरांसाठी, त्यातली काही परवडणारी, आणि मागचं सगळं शेत सीआरमध्ये, अशी विभागणी करून आणलेली कलमं सहज पास होतात. आपणही कालपरवाच आलो आहोत, हे विसरून कसं चालेल?

मसुदा

राज्याचा सीआरचा छापील नमुना आहे. त्यापासून दूर जाल तेवढा तपासणीला वेळ लागेल. दस्ताचे दोन भाग महत्त्वाचे: काय मना आहे आणि मालकाने काय राखून ठेवलं आहे. दुसऱ्या भागावर जास्त तास घालवा. गोठा वाढवणं, नवीन विहीर, सेप्टिकची दुरुस्ती, रस्त्याकडेचं भाजीचं दुकान, मेपलचा रस आटवायची शेड, लाकूडतोड (आराखडा कोण मंजूर करणार?), प्लॅस्टिकची हरितगृहं, सौर पॅनेल: प्रत्येकाला होय, नाही किंवा ‘इतक्या चौरस फुटांपर्यंत, अमक्या जागी’ असं उत्तर हवं.

‘पारंपरिक शेती’ हा शब्द टाळा. १९८५ च्या दस्तात तो शोभून दिसतो. आज त्याच शेतात लग्नाचे मांडव पडतात, आणि २०१६ मध्ये राज्यात गांजा कायदेशीर झाल्यावर त्याची लागवड परंपरेत बसते का, यावर वकील पैसे कमावतात. ‘वाजवी’, ‘किरकोळ’ हेही तसलेच शब्द. आकडा लिहा. कोणत्या गोष्टीला आधी परवानगी लागेल, तिचं उत्तर किती दिवसांत द्यायचं आणि उत्तर आलंच नाही तर काय समजायचं, हेही लिहा.

बँक, मोजणी, माती

जमिनीवर कर्ज असेल तर बँकेने सीआरला स्वतःच्या पुढे जागा दिल्याचं संमतिपत्र लागतं, आणि ते सीआरच्या आधी किंवा त्याच दिवशी नोंदवायचं. ते नसताना पुढे जप्ती झाली तर सीआर पुसला जाऊ शकतो. दानाची करसवलत तर जप्ती न होताही जाते. आयकर खातं इथे तारखा बघतं. ‘नंतर आणून दिलं’ चालत नाही. मोठ्या बँकांच्या कॉल सेंटरला ही मागणी समजावण्यातच आठवडे जातात. मालकाने होकार दिला त्याच आठवड्यात हे पत्र टाका.

टायटल, म्हणजे मालकीची कागदपत्रं, तपासून घ्या: जुने वाटेचे हक्क, विजेच्या तारांचे पट्टे, आजोबांनी विकलेलं लाकूड. मोजणी लायसन्स असलेल्या सर्व्हेअरकडून. जमीन टाउन स्वतः घेणार असेल आणि ती जुनी सफरचंदाची बाग असेल, तर माती तपासल्याशिवाय सही नको. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बागांवर लेड आर्सेनेट फवारत, आणि शिसं व आर्सेनिक मातीतून जात नाहीत. तिथे भाजीचे वाफे किंवा मुलांचं मैदान करायचा बेत असेल तर तो आधीच बदलावा लागेल.

सह्यांचा क्रम

१. मसुदा, नकाशा आणि अर्ज राज्याच्या पर्यावरण सचिवालयाच्या कॉन्झर्व्हेशन सर्व्हिसेस विभागाकडे. याच अर्जात ही जमीन राखणं लोकहिताचं का, हे टाउनला लिहावं लागतं.

२. त्यांचे शेरे आले की दुरुस्ती. एक-दोन फेऱ्या होतात, काही महिने धरा.

३. अंतिम मसुद्यावर नोटरीसमोर मालकाची सही. मग धारण करणाऱ्याची. मग सिलेक्ट बोर्डाची, जाहीर बैठकीत.

४. शेवटी राज्याच्या सचिवांची. ही सही झाल्याशिवाय दस्त पक्का नाही.

५. रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये नोंद. रजिस्ट्री कोणती ते बघून घ्या. मिडलसेक्समध्ये दोन आहेत: कार्लाइल आणि वेस्टफर्डची कागदपत्रं उत्तर विभागात, लोवेलकडे, स्टोची दक्षिण विभागात. बोल्टन आणि हार्वर्ड तर वूस्टर काउंटीत.

राज्याने शेरे देण्याआधीच सह्या घेतल्या तर त्या वाया जातात, आणि ८४ वर्षांच्या मालकाला पुन्हा नोटरीपुढे बसवणं कोणालाच आवडत नाही. ३१ डिसेंबरच्या आत दान दाखवायचं असेल तर मसुदा वसंत ऋतूतच पाठवा. थँक्सगिव्हिंगला जागे झालेल्यांचं वर्ष गेलंच म्हणायचं.

सीआर उठवायचा म्हटला तर जाहीर सुनावणी आणि याच सगळ्या मंजुऱ्या लागतात. तो सरकारी संस्थेकडे असेल तर १९७२ च्या घटनादुरुस्तीमुळे, जिला आर्टिकल ९७ म्हणतात, विधिमंडळाची दोन तृतीयांश मतंही. २०२२ च्या कायद्याने त्यात बदली जमीन देण्याची अट घातली.

करसवलत, आणि एक सावधगिरी

दान केलेल्या किमतीची केंद्रीय वजावट सर्वसाधारणपणे उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत आणि उरलेली पुढची १५ वर्षं घेता येते. पात्र शेतकऱ्यांना ती १०० टक्क्यांपर्यंत मिळते. ही सोय २०१५ पासून कायम आहे. अप्रेझल दानाच्या तारखेआधी ६० दिवसांपेक्षा जुनं नको, फॉर्म ८२८३ वर अप्रेझर आणि दान घेणारा या दोघांच्या सह्या हव्यात, शिवाय दान घेणाऱ्याचं वेगळं लेखी पोचपत्र हवं. एक कागद राहिला म्हणून लाखो डॉलरची वजावट कोर्टात गेलेली आहे. राज्याची सवलत वेगळी: दानाच्या किमतीच्या ५० टक्के, कमाल ७५,००० डॉलर, आणि कर तेवढा नसेल तर उरलेले पैसे हातात मिळतात. वरच्या उदाहरणातल्या दीड लाखाच्या दानावर मालकाला ही कमाल रक्कम पूर्ण बसते. मात्र या सवलतीला राज्याची वार्षिक मर्यादा आहे आणि रांग असते, म्हणून अर्ज लवकर.

चांगल्या पगारावर असलेल्या आपल्या लोकांना, विशेषतः डॉक्टर मंडळींना, एक फोन येऊ शकतो: ‘दूरच्या राज्यातल्या जमिनीच्या भागीदारीत एक डॉलर घाला, ईझमेंटमधून चार डॉलरची वजावट घ्या.’ फोन ठेवा. या भागीदारी योजनांना आयकर खात्याने २०१६ च्या अखेरीस संशयित व्यवहारांच्या यादीत घातलं, आणि २०२२ च्या कायद्याने गुंतवणुकीच्या अडीच पटींवरची वजावट बहुतेक भागीदारींना बंद केली. यात शिवार वाचत नाही, फुगवलेला अप्रेझल तेवढा विकला जातो.

१२० दिवसांचं घड्याळ

वर सगळं सवडीने चालतं असं धरलं. पण पुष्कळदा सुरुवात टपालाने आलेल्या नोटिशीने होते. चॅप्टर योजनेतली जमीन बिल्डरला घरांसाठी विकायची ठरली, की मालकाने टाउनला कळवावंच लागतं, आणि त्याच किमतीला ती घ्यायचा पहिला हक्क टाउनला १२० दिवस असतो. हा हक्क टाउन लँड ट्रस्टला सोपवू शकतं.

पहिल्या दिवशी नोटीस तपासा. सिलेक्ट बोर्ड, ॲसेसर, प्लॅनिंग बोर्ड, कॉन्झर्व्हेशन कमिशन आणि राज्याचा फॉरेस्टर या सगळ्यांना गेली आहे का? सही झालेल्या खरेदीकराराची प्रमाणित प्रत जोडली आहे का? काही उणं असेल तर ३० दिवसांच्या आत मालकाला लेखी कळवायचं. गप्प राहिलात तर ती उणीव पुढे टाउनच्या उपयोगाची राहत नाही.

आता उलटे दिवस मोजा. खास टाउन मीटिंगची सूचना १४ दिवस आधी लागते. तिच्याआधी वित्त समितीची शिफारस, तिच्याआधी कम्युनिटी प्रिझर्व्हेशन समितीचा ठराव, तिच्याआधी अप्रेझल, आणि हक्क वापरायचा तर जाहीर सुनावणी. १२० मधले ७० दिवस असे सहज जातात. हक्क वापरल्यावर खरेदीकरारासाठी ९० दिवस. म्हणून जागरूक टाउन चॅप्टर यादीतल्या पहिल्या दहा जमिनींची माहिती आधीच फायलीत ठेवतात: टायटल, कर्ज, माती, अंदाजे किंमत, आणि गरज पडल्यास हक्क कोणत्या ट्रस्टला सोपवायचा ते.

हा हक्क वापरणं शेवटचा उपाय समजा. टाउनला बिल्डरचा पूर्ण भाव द्यावा लागतो, तर दोन वर्षं आधी मालकाच्या स्वयंपाकघरात बसून बोलणं झालं असतं तर निम्म्या पैशात सीआर झाला असता.

नोंदीनंतरची राखण

सहीच्या दिवशी जमिनीची स्थिती कशी होती याचा अहवाल म्हणजे बेसलाइन. नकाशे, फोटो, प्रत्येक फोटोची जागा आणि दिशा, तारीख, मालक आणि धारक या दोघांच्या सह्या. तो सहीच्या आधी तयार हवा. फोटो बर्फ नसताना आणि झाडांना पानं नसताना काढा. एप्रिल बरा, नोव्हेंबरही चालतो. नोव्हेंबरात शिकारीचा हंगाम असतो, भडक नारिंगी जाकीट घाला. एप्रिलमध्ये घरी आल्यावर पायमोज्यांत गोचीड शोधा. लाइम रोग या भागात नेहमीचा.

त्यानंतर वर्षातून एकदा हद्दीवरून चालायचं, मालकाला आधी कळवून. मोठी उल्लंघनं क्वचित सापडतात. बहुतेक वेळा शेजाऱ्याची हिरवळ दरवर्षी दोन फूट आत सरकलेली असते, पालापाचोळ्याचा ढीग कुंपणाबाहेर आलेला असतो, मुलांचं झाडावरचं घर हद्दीच्या पलीकडे असतं. पहिल्या वर्षी एक हसरं पत्र पुरतं. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही, तर त्या जागी पक्की शेड असते आणि शेजारी वकील घेऊन येतो. जमीन विकली गेली की नव्या मालकाला महिन्याच्या आत भेटा. त्याच्या एजंटाने सीआर सांगितलेला असतोच असं नाही.

या फेऱ्यांचा आणि कधीतरी लागणाऱ्या वकिलाचा खर्च म्हणून लँड ट्रस्ट सुरुवातीलाच काही हजार डॉलर वेगळे मागतो. टाउनच्या बजेटमध्ये ही ओळ बहुधा नसते. कमिशनवर नुकतेच आला असाल, तर पहिल्या बैठकीत एवढंच मागा: टाउनकडे असलेल्या सगळ्या सीआरची यादी, प्रत्येकाचा रजिस्ट्रीतला बुक आणि पान क्रमांक, बेसलाइन कुठे ठेवली आहे ते, आणि शेवटची फेरी कधी झाली त्याची तारीख. तारखेचा रकाना बराचसा रिकामा निघेल. येत्या एप्रिलमध्ये कुठून चालायला सुरुवात करायची, ते तिथेच ठरेल.